बागेतील कौशल्य शिकताना : चित्रफीत पाहावी की मजकूर वाचावा?

नाशिक जिल्ह्यात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोन वेळा करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून वेलीवर नव्या काड्या वाढवावयाच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच काड्यांवर फळछाटणी करून घड घ्यावयाचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. या दोन्ही छाटण्यांच्या तोंडावर निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील गावांतून सायंकाळी एक दृश्य हमखास दिसते. घरातील कर्ता पुरुष, किंवा नुकताच शेतीत लक्ष घालू लागलेला मुलगा, ओट्यावर बसून मोबाइलवर छाटणीची चित्रफीत पाहत असतो. आत कोनाड्यात द्राक्ष बागायतदार संघाचे मासिक, औषधाच्या खोक्यातून निघालेले घडीपत्रक आणि गेल्या हंगामाची वही पडलेली असते. माहिती दोन्हीकडे आहे. हात मात्र बहुधा मोबाइलकडेच जातो.

तो का जातो आणि केव्हा जाऊ नये, हे समजून घेणे गावपातळीवरील कार्यकर्त्याला आज आवश्यक झाले आहे. कारण शेतकऱ्यास नवीन पद्धत शिकविण्याचे काम पूर्वी ज्या प्रात्यक्षिकाने, पत्रकाने व नभोवाणीने होत असे, त्याचा बराच भाग आता मोबाइलने उचलला आहे. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि अर्ध्या तासाची चित्रफीत पाहणे कोणासही परवडू लागले. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु द्राक्षबागेत चुकीची दुरुस्ती त्याच वर्षी होत नाही. ज्या डोळ्यात घड होता तोच कात्रीने खाली पाडला, तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती उरते. औषधाची मात्रा किंवा दिवस चुकला, तर त्याचा हिशेब परदेशातील प्रयोगशाळेत निघतो. यास्तव कोणती गोष्ट पाहून शिकावी आणि कोणती वाचून, याचा निर्णय सवयीवर सोपविणे हितावह नाही.

प्रथम चित्रफितीची बाजू पाहू. खरड छाटणीनंतर थॉम्सन सीडलेस जातीच्या वेलीवर सबकेन करण्याची पद्धत या जिल्ह्यात रूढ आहे. नव्या फुटीचा शेंडा साधारणतः सात पानांवर मारावयाचा, म्हणजे त्याखालील डोळ्यातून पुढची फूट निघते व तिच्यावर घडनिर्मितीस योग्य असे डोळे तयार होतात. हे वाक्य वाचावयास सोपे आहे. पण ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही त्याच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. पानांची मोजणी बुडाशी असलेल्या लहान पानापासून करावयाची की पहिल्या पूर्ण वाढलेल्या पानापासून? शेंडा म्हणजे नेमका केवढा तुकडा खुडावयाचा? नखाने खुडावा की कात्री लावावी? सर्व फुटी एकाच दिवशी सात पानांवर येत नाहीत, मग मागे राहिलेल्या फुटींचे काय करावे? एवढ्या प्रश्नांची उत्तरे लिहावयाची म्हटल्यास दोन पाने लागतील, आणि ती वाचूनही नवखा मनुष्य वेलीपुढे उभा राहिल्यावर गोंधळेल. उलट अनुभवी माणसाची बोटे पाच-सहा फुटींवर फिरताना पाहिली की यांपैकी बहुतेक शंका न विचारताच मिटतात.

फळछाटणीचेही तसेच आहे. सबकेनच्या गाठीपुढे एक किंवा दोन डोळे ठेवून काप घ्यावा, असे सांगता येते. काडी गोल, पक्व, तपकिरी व साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीची असावी, हेही सांगता येते. पण पक्व काडीचा रंग आणि अर्धवट पिकलेल्या काडीचा रंग यांतील फरक शब्दांत पकडणे कठीण आहे. विरळणीच्या वेळी डाव्या हाताने घड कसा फिरवावा, कात्रीचे टोक शेजारच्या मण्यास लागू नये म्हणून मनगट कसे वळवावे, हे तर कोणत्याही पत्रकाने आजवर नीट सांगितलेले नाही, आणि त्यात पत्रक लिहिणाऱ्याचा दोषही नाही. हाताच्या हालचाली शिकताना स्थिर चित्रापेक्षा हलते चित्र अधिक उपयोगी पडते, असे शिक्षणशास्त्रातील संशोधनही सांगते. मात्र त्याबरोबर आणखी एक निष्कर्ष आहे, तो सहसा विसरला जातो. चित्रफीत थांबविण्याची व मागे नेण्याची सोय पाहणाऱ्याच्या हाती असेल, आणि तो ती वापरीत असेल, तर लाभ वाढतो. एकदा सलग पाहून मोबाइल खिशात टाकणाऱ्याला ‘समजले’ असे वाटते खरे; दुसऱ्या दिवशी कात्री हातात घेतल्यावर त्यातील फारच थोडे आठवते.

पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून छाटणी, विरळणी व डिपिंगच्या कामासाठी मजुरांच्या टोळ्या द्राक्षपट्ट्यात येतात, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांपैकी पुष्कळांचा वाचनाशी फारसा संबंध उरलेला नाही आणि पुस्तकी मराठी त्यांच्या घरची भाषाही नाही. बागेतील सर्वांत नाजूक काम याच हातांनी होते. पण शेतीची पत्रके आजवर बागमालकासाठीच लिहिली गेली. मजुराच्या हाती कौशल्य सरळ पोचविणारे पहिले साधन म्हणून चित्रफितीचे महत्त्व येथे फार आहे. टोळीतील मुकादमास आपल्या बागेत घेतलेली चार मिनिटांची चित्रफीत दाखवून मग पहिल्या दहा वेली त्याच्यासमोर छाटून घेतल्या, तर पुढील एकराचे काम एकसारखे होते.

मात्रेचा प्रश्न

आता दुसरी बाजू. जिब्रेलिक आम्ल, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातील ‘जीए’, याचा वापर घडाची लांबी व मण्याचा आकार वाढविण्यासाठी ठराविक अवस्थांत करतात. त्याची मात्रा पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग या हिशेबाने, सांगितली जाते. शुद्ध जीए १ ग्रॅम १०० लिटर पाण्यात मिसळले असता १० पीपीएमचे द्रावण होते. त्याच १०० लिटरमध्ये ४ ग्रॅम घातल्यास ४० पीपीएम होते. समजा, चित्रफितीत बोलणारा ओघात ‘दहाचा जीए घ्या’ असे म्हणाला आणि ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ शंभर लिटरला दहा ग्रॅम असा घेतला. फवाऱ्यात १०० पीपीएमचे, म्हणजे दसपट तीव्र द्रावण जाईल. अतिरिक्त जीएने घडाचा दांडा व मण्यांचे देठ जाड व ठिसूळ होतात आणि मालाची प्रत जाते.

बरे, ऐकणाऱ्याने बरोबर ऐकले तरी प्रश्न संपत नाही. बाजारात जीए एकाच रूपात मिळत नाही. शुद्ध भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही. ती आधी अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्यावी लागते. पाण्यात विरघळणाऱ्या काही तयार उत्पादनांत जीएचे प्रमाण ४० टक्के असते. अशा उत्पादनापासून १०० लिटर पाण्यात १० पीपीएमचे द्रावण करावयाचे तर १ नव्हे, २.५ ग्रॅम लागतात. चित्रफितीतील वक्त्याच्या हातात कोणते पाकीट होते आणि पाहणाऱ्याच्या घरात कोणते आहे, हे चित्रफितीला कळत नाही. पाकिटावरील लेबलाला कळते.

मात्रा, दिवस, अंतर, टक्केवारी या सर्व गोष्टी अशा आहेत की त्या ऐकून लक्षात ठेवावयाच्या नसतात. त्या डोळ्यांसमोर स्थिर राहिल्या पाहिजेत, पुन्हा पाहता आल्या पाहिजेत आणि दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहता आल्या पाहिजेत. वीस मिनिटांच्या चित्रफितीत तेराव्या मिनिटास उच्चारलेला आकडा शोधण्यासाठी मागेपुढे करीत बसण्यात वेळ जातो. म्हणूनच असे दिसते की जो बागायतदार पंधरा-वीस वर्षे बाग करीत आहे तो बहुधा मजकूर मागतो. हाताचे काम त्याला येतेच. त्याला एक ओळ, एक आकडा हवा असतो. नवखा चित्रफीत मागतो, कारण त्याला अजून काम कसे दिसते हेच पाहावयाचे असते. दोघेही आपापल्या जागी योग्य आहेत. घोटाळा होतो तो नवख्याने आकडाही चित्रफितीतूनच उचलला म्हणजे, किंवा जाणत्याने नवीन वाणाची वळणपद्धती दोन ओळींच्या संदेशावरून ठरविली म्हणजे.

जुनी माहिती, परक्या ठिकाणची माहिती

२०१० च्या हंगामाची आठवण द्राक्षपट्ट्यात अजून आहे. त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला, अनेक कंटेनर अडकून पडले आणि निर्यातदार व बागायतदार या दोघांनाही मोठा फटका बसला. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. हे वाढरोधक खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखण्यासाठी पूर्वीपासून वापरात होते. म्हणजे बागायतदारांनी काही चोरून केले नव्हते. कालपर्यंत जे चालत होते ते आज चालेनासे झाले होते.

शिफारस बदलते, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र द्राक्षावर वापरण्यास मान्यता असलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. तीत प्रत्येक औषधाची मात्रा, काढणीपूर्वी किती दिवस थांबावे तो काळ आणि अंशाची कमाल मर्यादा दिलेली असते, व ही यादी वेळोवेळी सुधारली जाते. छापील यादीवर तारीख असते. चित्रफीत मात्र आठ वर्षांपूर्वीची असली तरी मोबाइलवर कालच्यासारखीच ताजी दिसते. त्यातील वेल हिरवीगार असते आणि बोलणारा माणूस तितक्याच आत्मविश्वासाने बोलत असतो. जुने पत्रक निदान पिवळे पडते.

कालाप्रमाणे स्थळाचेही आहे. बागलाण, कळवण, देवळा या भागांत पूर्वहंगामी द्राक्षांसाठी फळछाटणी पावसाळ्यातच उरकतात. निफाडला त्या वेळी काड्या पक्व होत असतात. सोलापूर व सांगलीकडील हवामान निराळे आहे. निफाडचा पारा हिवाळ्यात राज्यातील नीचांकांत गणला जातो, आणि थंडीत मण्यांची फुगवण मंदावते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याची मात्रासुद्धा काडीची जाडी व त्या दिवसांतील तापमान पाहून कमीजास्त करावी लागते. तासगावच्या बागेत चित्रित झालेली कृती निफाडच्या बागेत पाहण्यास हरकत नाही; तिच्यातील तारखा व मात्रा मात्र तासगावातच ठेवाव्यात.

यावरून चित्रफीत पाहताना तीन गोष्टी आधी विचाराव्यात असे ठरते. ती कोणत्या वर्षीची आहे? कोणत्या भागातील व कोणत्या वाणाच्या बागेतील आहे? आणि बोलणारा कोण आहे? तिसरा प्रश्न अवघड वाटतो, पण टाळू नये. पुष्कळ चित्रफिती निविष्ठा विकणारांकडून तयार केल्या जातात. त्यांतील छाटणी उत्तम असू शकते. तरी शेवटच्या पाच मिनिटांत ज्या बाटल्या टेबलावर येतात त्या मान्य यादीशी ताडून पाहिल्याखेरीज घरी आणू नयेत.

मजकुराचे दोषही लपविण्याचे कारण नाही. औषधाच्या खोक्यातील घडीपत्रक इतक्या बारीक टाइपात छापलेले असते की चाळिशी उलटलेल्या माणसाने ते सायंकाळी दिव्याखाली वाचावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. अनेक भाषांतील मजकूर एकाच कागदावर दाटीने बसविलेला असतो. त्यातील मराठी वाक्यरचना पुष्कळदा अशी असते की वाचकाने ती मनात पुन्हा मराठीत आणावी. कृषिखात्यांची व विद्यापीठांची पत्रकेही या दोषापासून मुक्त नाहीत. शेतकरी वाचत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी त्याच्या हाती काय दिले जाते हे पाहणे न्याय्य ठरेल. सुदैवाने मोबाइलने येथेही एक सोय केली आहे. घडीपत्रकाचे छायाचित्र काढून ते मोठे करून वाचता येते, आणि ते छायाचित्र जपून ठेवल्यास पुढच्या फवारणीच्या वेळी कागद शोधावा लागत नाही.

नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने कृषी शिक्षणक्रम आखताना स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके, ध्वनिचित्रफिती आणि अभ्यासकेंद्रावरील प्रात्यक्षिके यांची सांगड घातली. दूरस्थ शिक्षण देणाऱ्या संस्थेनेही प्रात्यक्षिक सोडले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच्याही पूर्वीचा एक प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांसाठी शेतकऱ्यांचा नभोवाणी-गट हा उपक्रम केला. कार्यक्रम वीस झाले. गावातील गटाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, लगेच त्यावर चर्चा करावयाची आणि काय करावयाचे ते ठरवावयाचे, अशी पद्धत होती. ज्या गावांत रेडिओ होता पण गट नव्हता, त्यांच्या तुलनेत गट असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत पुष्कळ अधिक भर पडली, असे मूल्यमापनात दिसून आले. साधन एकच होते. ऐकल्यानंतर कोणी विचारणारे होते की नव्हते, एवढाच फरक होता. पुढे डिजिटल ग्रीन या संस्थेने भारतातील खेड्यांत शेतकऱ्यांच्याच चित्रफिती गटांना दाखविण्यास सुरुवात केली, तेव्हा तिनेही दाखविणारा माणूस आवश्यक मानला. तो चित्रफीत मध्येच थांबवितो व विचारतो : आता काय केले? किती घेतले? आपल्याकडे हे जमेल का?

हेच काम गावपातळीवरील कार्यकर्त्यास करता येईल. छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी एखाद्या बागेत पाच-दहा बागायतदारांस बोलवावे. छाटणीची एकच चित्रफीत निवडावी, ती शक्यतो याच जिल्ह्यातील व त्याच वाणाची असावी. ती दोनदा दाखवावी. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा प्रत्येक कृतीपाशी थांबवून. नंतर कात्री एकेकाच्या हाती द्यावी आणि वेलीवर काप घेऊन दाखविण्यास सांगावे. काप चुकला तर बाकीच्यांनीच सांगावे. काडीतील घडाची स्थिती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतलेली असल्यास तो अहवाल याच वेळी मोठ्याने वाचावा, कारण किती डोळ्यांवर काप घ्यावा हे अखेर त्या बागेचा अहवाल ठरवितो. अनेक ठिकाणी नेटवर्क मिळत नाही, सबब चित्रफीत आधीच उतरवून ठेवावी.

मात्रांचा भाग या बैठकीत चित्रफितीवरून घेऊ नये. चालू यादी व उत्पादनाचे लेबल समोर ठेवून प्रत्येकाने आपल्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून घ्यावे : तारीख, बागेचा प्लॉट, छाटणीनंतरचा दिवस, औषधाचे नाव, पाकिटावरील टक्केवारी, १०० लिटरला किती, आणि काढणीपूर्वी थांबावयाचे दिवस. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या मुलीने किंवा मुलाने लिहावे. निर्यातीसाठी नोंदविलेल्या बागेस अशा नोंदी ठेवाव्याच लागतात. स्थानिक बाजारपेठेसाठी द्राक्षे पिकविणाऱ्यानेही त्या ठेवाव्यात, येथे खाणारेही माणसेच आहेत.

हायड्रोजन सायनामाइड लावण्याच्या दिवशी विशेष काळजी घ्यावी. हे द्रव्य त्वचेस व डोळ्यांस अपायकारक आहे आणि त्याच्या संपर्काच्या आधी किंवा नंतर मद्यपान करणे अत्यंत धोक्याचे असते. किती काळ वर्ज्य आहे ते लेबलावर पाहावे व टोळीतील प्रत्येकास कामापूर्वी तोंडी सांगावे. हातमोजे घातलेल्या हातांनी मोबाइल काढणे, चित्रफीत शोधणे वा संदेश वाचणे त्या दिवशी शक्य नसते, व करूही नये. म्हणून द्रावण तयार करण्यापूर्वी वहीतील मात्रा ठळक अक्षरांत खडूने ड्रमवरच लिहावी आणि ती दुसऱ्या एका माणसाकडून लेबलाशी पडताळून घ्यावी.